तुकोबारायांचे दिवाळे आणि पडके देऊळ



आपल्या विठ्ठल मंदिराच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघत आहे, तिच्यात काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असे समितीच्या मंडळींनी मला सांगितले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तालुक्याच्या कार्यालयात लिपिकाची. आवक-जावक नोंदवही आणि टिपणे यापलीकडे माझे लिखाण नाही. तरीही होय म्हणालो. कारण देऊळ दुरुस्त करण्याचा विषय निघाला की मला एकच गोष्ट आठवते, आणि ती लिहावी असे बरेच दिवस मनात होते.

ती गोष्ट देहूची आहे. तुकोबारायांचे अभंग आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत. सप्ताहात आपण त्यांची पालखी काढतो, बीजेला फुले उधळतो. पण तुकोबारायांनी एक देऊळ दुरुस्त केले होते, आणि तेही दिवाळे निघालेल्या अवस्थेत, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

तुकोबांचा जन्म परंपरेप्रमाणे शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ चा मानतात. घराणे मोऱ्यांचे, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरात देहूच्या पेठेची महाजनकी होती, म्हणजे बाजारावर देखरेख आणि त्याचा हक्क. शिवाय वाण्याचे दुकान, शेती, सावकारी. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीचे वारकरी होते. त्यांनी विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती देहूस आणून देऊळ उभे केले, अशी परंपरा आहे. म्हणजे जे देऊळ पुढे पडले ते तुकोबांच्या घरचेच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सावजींचे मन प्रपंचात नव्हते, म्हणून कारभार तुकोबांच्या अंगावर लहान वयातच आला. असे सांगतात की तेराव्या वर्षी त्यांनी दुकान हाती घेतले आणि काही वर्षे ते उत्तम चालवलेही. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या गुळवे यांची मुलगी जिजाबाई हिच्याशी दुसरे लग्न झाले. जिजाबाईंना आपण आवली म्हणतो आणि कीर्तनात त्यांच्या तोंडाळपणावर हसतो. मला ते हसणे फारसे रुचत नाही. घरात दाणा नसताना पोरांना काय घालायचे, हा प्रश्न त्या माऊलीसमोर होता.

सतराव्या वर्षाच्या सुमारास आई-वडील गेले. भावजय गेली. सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. आणि मग दुष्काळ आला.

हा दुष्काळ साधा नव्हता. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे त्यांना आठवतात. २०१२-१३ साली टँकरच्या मागे आपण सगळेच धावलो. पण या दोन्ही वेळी सरकार होते, रेशन होते, रोजगार हमी किंवा तशी कामे होती. १६३० साली दख्खन आणि गुजरातेत पाऊस पडला नाही तेव्हा त्यातले काही नव्हते. उलट लढाई चालू होती. शहाजहान बादशहा निजामशाहीवर चालून येऊन बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघाला, तेव्हा वाटेवर त्याला जागोजाग प्रेते पडलेली दिसली असे त्याने लिहून ठेवले आहे. बादशहाच्या पदरी असलेल्या लाहोरीने 'बादशाहनामा' ग्रंथात, पिठात हाडांची पूड मिसळून विकली जात होती असे नमूद केले आहे. पुणे कसबा त्याच सुमारास विजापूरच्या फौजेने उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरवला. देहू पुण्यापासून जवळ. आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, तोही याच काळातला. कसल्या दिवसांत ते बाळ जन्माला आले, याचा विचार आपण जयंतीला क्वचितच करतो.

सावकार दुष्काळात कसा बुडतो, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण 'सावकार आणि बुडाला?' असे कोणालाही वाटेल. गावचा लहान सावकार कुळांना दाणा आणि रोकड उसनवार देतो, सुगीला फेड घेतो. त्याचे स्वतःचे भांडवलही पेठेतल्या मोठ्या सावकाराकडून आणलेले असते. पाऊस गेला की कुळे फेडू शकत नाहीत, काही परागंदा होतात, काही मरतात. खते तेवढी घरात राहतात. पण वरचा सावकार थांबत नाही. अशा माणसाने कुळांवर जप्ती केली, त्यांची भांडी-बैल ओढून आणले, तर तो कदाचित तरतो. तुकोबांच्याने ते झाले नाही. महिपतींनी भक्तलीलामृतात, म्हणजे १७७४ साली, त्यांच्या व्यापाराच्या फजितीच्या बऱ्याच कथा दिल्या आहेत. जिजाबाईंनी स्वतःच्या पतीवर कर्ज काढून दिले, त्याचे मीठ घेऊन तुकोबा विकायला गेले, नफाही झाला, आणि परत येताना वाटेत एका अडलेल्या माणसाला सगळी रक्कम देऊन मोकळे झाले, ही त्यातलीच एक.

रखमाबाई त्या दुष्काळात अन्नावाचून गेल्या. त्यांचा मुलगा संतू गेला. दुकान गेले. जुन्या काळी दिवाळे निघालेला व्यापारी दुकानात दिवसाढवळ्या दिवा लावून बसे, त्यावरून तो शब्द आला असे सांगतात. म्हणजे दिवाळे ही चारचौघांत दिसणारी गोष्ट होती. महाजनाच्या पोराचे दिवाळे तर अधिकच. ज्याच्याकडून लोक तोलमाप तपासून घ्यायचे, त्याच्याच दारात देणेकरी बसलेले. त्या वेळी तुकोबांचे वय अवघे एकवीस-बावीस. आपल्याकडे त्या वयाची मुले अजून भरतीच्या परीक्षा देत असतात.

पुढे तुकोबांनी संतांच्या आग्रहावरून आपली हकीकत एका अभंगात सांगितली आहे. असे स्वतःविषयी बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, अशा संकोचाने त्यांनी ती सुरू केली आहे. त्यात दुष्काळाने पैसा आणि पत दोन्ही नेल्याचे सांगितले आहे, पत्नी उपाशी मेल्याचे सांगितले आहे, धंदा बुडत चालल्यावर जिवाला लाज वाटू लागली हेही न लपवता सांगितले आहे. आणि त्या लाजेच्या लगेच पुढच्या ओळीत काय आहे? देवाचे देऊळ मोडून पडले होते, ते करावेसे मनात आले, हे आहे. मी हा अभंग अनेकदा म्हटला होता. लाजेनंतर लगेच देऊळ येते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ते कसे आले ते खाली सांगतो.

लाज वाटलेला माणूस सहसा काय करतो? तोंड लपवतो. गाव सोडतो, निदान वाट तरी बदलतो. तुकोबाही गावाबाहेर गेले, हे खरे. भामनाथाच्या डोंगरावर, ज्याला भामचंद्र म्हणतात, तेथे ते जाऊन बसले आणि कान्होबा त्यांना शोधीत हिंडले. पंधरा दिवसांनी भेट झाली असे परंपरा सांगते. कोणी म्हणेल, हे पळून जाणेच झाले. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण डोंगरावरून खाली आल्यावर त्यांनी जे केले त्यात आहे. पळालेला माणूस हिशेबाच्या वह्यांपासून पळतो. तुकोबांनी खाली येऊन पहिली गोष्ट केली ती खते बाहेर काढण्याची. लोकांकडून येणे असलेली सारी कागदपत्रे इंद्रायणीत बुडवायची असे त्यांनी ठरवले. कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही साधू झालात, मला पोरेबाळे आहेत. ते म्हणणे रास्तच होते. तुकोबांनी ते ऐकले. खतांच्या दोन वाटण्या केल्या, कान्होबांची त्यांना दिली आणि आपली तेवढी पाण्यात सोडली.

वीस वर्षांहून अधिक काळ मी कागदांतच काढला आहे, म्हणून मला या वाटणीचे विशेष वाटते. आमच्याकडे सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा तर बँकेचा दाखला, अर्ज, फेरफार, नोटीस, मुदत, मग मंजुरी असा प्रवास असतो. शेतकरी कर्ज फेडूनही वर्षभर हेलपाटे घालतो. देहूच्या कुळांचा बोजा एका सकाळी उतरला. पण भावाच्या हिश्शाला हात न लावता. दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी उदारपणा केला नाही.

आणि मग देऊळ. पदरी पैसा नाही, गावात पत नाही, वर्गणी मागायला जावे तर देणेकऱ्यांचीच दारे. महिपती सांगतात की तुकोबांनी स्वतः दगड आणले, माती कालवली, भिंती उभ्या केल्या. आज आपल्या मंदिराला काळा पाषाण आला, कारागीर आले, क्रेनने शिखराचे काम झाले, त्यात कमीपणा काही नाही. पण देहूचे ते काम डोळ्यांपुढे आणून पाहा. ज्याचे दिवाळे साऱ्या गावाने पाहिले, तो तरुण भर दिवसा, गावाच्या मधोमध, चिखलात उभा राहून भिंत घालतो आहे. येणारा-जाणारा पाहतो आहे. काही हसलेही असतील. लाज झाकायला यापेक्षा वाईट जागा नाही. तरी त्यांनी तीच निवडली.

देऊळ झाल्यावर ते एकादशीला तेथे कीर्तनाला उभे राहू लागले. सुरुवातीला काही येत नव्हते, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. महाजनाचा मुलगा टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत. तेथून सुरुवात. पुढे माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, हा दिवससुद्धा त्यांनी नोंदवून ठेवला आहे. नोंद ठेवण्याची ही सवय दुकानातली असावी असे मला आपले वाटते.

त्यांच्यावर दुसरा प्रसंगही आला. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पहिल्या वेळी खते आपखुशीने बुडवली, या वेळी स्वतःच्या जन्माची कमाई. लोक म्हणू लागले, संसार बुडवला, आता परमार्थही बुडवला. तेव्हाही तुकोबा कोठे गेले नाहीत. देवाच्याच दारी शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याशिवाय धरणे धरून बसले. आज त्याच शिळेवर देहूला मंदिर आहे, त्याचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले. वह्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि त्यांच्याच अभंगांत त्याचा उल्लेख आहे. ज्या रामेश्वर भटांनी हे घडवले, ते पुढे त्यांचे शिष्य होऊन टाळ घेऊन मागे उभे राहिले. जाता जाता सांगतो, याच अभंगांची गाथा छापण्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये मंजूर केले आणि १८६९ व १८७३ साली ती दोन भागांत निघाली. त्या काळचे २४,००० म्हणजे किती, हे आमच्या लेखा शाखेतल्या मंडळींनीच सांगावे!

आता जे सांगायचे राहिले आहे ते सांगतो. समितीला ते मी आधी वाचून दाखवले आहे आणि त्यांनी छापायला हरकत घेतली नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आपल्या याच मंदिराच्या सभामंडपासाठी पहिली वर्गणी काढली होती. ते काम पुढे बंद पडले, हे सर्वांना माहीत आहे. वर्गणीची वही माझ्याकडे होती. कार्यालयात काम करतो, हिशेब चोख ठेवील, म्हणून गावाने विश्वासाने दिली होती. त्याच साली घरात एक तातडीचे ऑपरेशन निघाले. पगार पुढच्या आठवड्यात होता आणि दवाखाना आगाऊ रक्कम मागत होता. मी वर्गणीतले ११,४०० रुपये उचलले. पगार झाला की भरतो, असे मनाशी म्हणालो. पगार झाला, तो औषधांत गेला. पुढचा हप्त्यांत गेला. मग काम रखडले, कोणी हिशेब विचारला नाही, आणि मीही काढला नाही. कार्यालयात याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यासाठी लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आम्हा कारकुनांना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा फार आवडते. दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुले केले आणि विठू होऊन देव बेदरला जाऊन रक्कम भरून आला. पण दामाजीपंतांनी दाणा उपाशी लोकांना वाटला होता, स्वतःच्या घरी नेला नव्हता. माझी रक्कम भरायला विठू येणार नव्हता.

मी देवळात जाणे सोडले. कोणी सांगितले नव्हते, आपोआप सुटले. देवळावरून जाणारी वाट सोडून ओढ्याच्या बाजूने एस.टी. थांब्यावर जाऊ लागलो. सप्ताह आला की कार्यालयात वसुलीचे काम निघे. नसले तरी निघे. वही ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली ठेवली होती. अशी दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत मला कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच जास्त जड होते.

एका एकादशीला संध्याकाळी ओढ्याच्या वाटेवर आपले जुने विणेकरी अण्णा भेटले. आता ते नाहीत. बसायला जागा नव्हती म्हणून दोघे बांधावर बसलो.

"काय रे, दिसत नाहीस हल्ली?"

"काम असतं, अण्णा."

"दोन वर्सं काम?"

मी गप्प बसलो. मग म्हणालो, "अण्णा, देवळात यायला तोंड नाही मला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग हे काय घेऊन फिरतोस मानेवर? चल. आज जागर आहे. मागं उभा राहा, ध्रुपद तर धरशील?"

मला माहीत नव्हते की त्यांना सगळे माहीत होते की नाही. मी पुढे कधी विचारले नाही. त्या रात्री टाळकऱ्यांच्या मागे उभा राहिलो, आणि नेमका तोच अभंग निघाला, तुकोबारायांनी स्वतःची हकीकत सांगितलेला. लाजेची ओळ आली आणि पाठोपाठ देवळाची. माझा टाळ चुकला. शेजारच्याने कोपराने ढोसले.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून वही काढली. देवापुढे ठेवली आणि समितीच्या त्या वेळच्या चार वडीलधाऱ्या माणसांना बोलावून त्यांच्यासमोर उघडली. एक जण खूप रागावले, आणि त्यांचे रागावणे बरोबर होते. एकाने विचारले, व्याज किती लावायचे? दुसऱ्याने त्याला गप्प केले. दरमहा ९५० रुपये, बारा हप्ते, असे ठरले. प्रत्येक हप्ता एकादशीला देवळात, सर्वांच्या देखत भरायचा, ही अट मीच घातली. पहिल्या दोन-तीन वेळी पाय थरथरले. पुढे पुढे लोक माझी वाट पाहू लागले, कारण हप्ता भरून झाला की मी टाळ घेऊन उभा राहत असे आणि मागची रांग भरे.

यंदा जीर्णोद्धार समिती झाली तेव्हा वर्गणीची वही अर्थातच दुसऱ्याकडे दिली, आणि ते योग्यच झाले. माझ्याकडे दगडांच्या गाड्या मोजून पावत्या ताडण्याचे काम आले. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून मी देवळाच्या चौकात उभा असे. जुन्या मंडपाच्या पायाचे अर्धवट राहिलेले चार खांब उकरताना मी तेथेच होतो. त्यातले दगड चांगले निघाले, ते पायऱ्यांना वापरले आहेत. उत्तरेच्या बाजूने चढताना तिसरी आणि चौथी पायरी.

या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे. तिच्यात माझे नाव १,१०१ रुपयांसमोर आहे. ते ११,४०० रुपये त्या यादीत शोधू नयेत. ते देणगी म्हणून जमा नाहीत, जुन्या वहीत त्यांच्या मूळ पानावर, ज्या ज्या घरांनी दिले होते त्यांच्या नावांसमोर जमा आहेत. जुनी वही समितीच्या कपाटात आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी.